स्प्रिंग बसली आहे की शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकला आहे?

जुनी स्टेशन वॅगन, म्हणजे मागे सामानासाठी लांब जागा असलेली मोटार, वळणावर जास्त कलते, उंचवट्यानंतर झुलत राहते आणि मागे सामान भरले की तिचे नाक वर उचलले जाते. या तिन्ही तक्रारी ‘सस्पेन्शन गेले’ अशा एकाच निदानात गुंडाळल्या जातात आणि चुकीचा भाग बदलला जातो. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर पुष्कळ गाड्यांत एकमेकांभोवतीच बसवलेले असल्यामुळे हा घोटाळा स्वाभाविक आहे. त्यांची कामे मात्र वेगळी आहेत.

स्प्रिंग वजन पेलते. ती किती दबली आहे यावर तिचा जोर ठरतो, किती वेगाने दबली यावर नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये पिस्टनच्या बारीक वाटांतून तेल ढकलले जाते, त्यामुळे त्याचा विरोध हालचालीच्या वेगावर अवलंबून असतो आणि गाडी उभी असताना तो जवळजवळ काहीच पेलत नाही. म्हणून मागची बाजू खाली बसलेली असेल, तर साधे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून ती वर येणार नाही. उलट, एका उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा हेलकावत असेल, तर स्प्रिंग आपले काम करत असते. तिने साठवलेली ऊर्जा उष्णतेत जिरवणारा भाग निकामी झालेला असतो.

वळणावरचा फरक अधिक सूक्ष्म आहे. लांब, एकसारख्या वळणात गाडी अखेर किती कलेल हे प्रामुख्याने स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांची बाजू जोडून कल रोखणारा दांडा) ठरवतात, तर त्या कलापर्यंत ती किती झपाट्याने पोहोचेल आणि त्यापलीकडे झोका जाईल का, हे शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठरवतो. नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवल्यावर गाडी कमी कलते असे चालकाला वाटते, ते यामुळेच.

वॅगनच्या बाबतीत हा प्रश्न जास्त अवघड होतो, कारण तिच्या मागच्या भागातील वजन फार बदलते. समजा, मागच्या स्प्रिंगांवर रिकाम्या गाडीत ५०० किलो आणि भरलेल्या गाडीत ८०० किलो भार येतो. स्प्रिंग तीच राहिली, तर झुलण्याची नैसर्गिक गती सुमारे २१ टक्क्यांनी मंदावते, आणि त्याच शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा त्या झुलण्यावरील ताबा, म्हणजे अवमंदनाचे गुणोत्तर, तेवढेच घटते. रिकामी असताना जेमतेम चालून जाणारा थकलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर प्रवासाचे सामान भरल्यावर उघडा पडतो.

यावर उपाय म्हणून पुष्कळ जण थेट कडक स्प्रिंग बसवतात, आणि मला हीच सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. स्प्रिंगचा कडकपणा ४४ टक्के वाढवला, तर झुलण्याची गती २० टक्के वाढते आणि जुन्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा ताबा सुमारे १७ टक्के घटतो; गाडी आपटतेही आणि उसळतेही. शिवाय उंची कमी करणारी स्प्रिंग मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच खांबात असलेल्या) गाडीत बसवली, तर गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्यापेक्षा, ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू जास्त खाली जाऊ शकतो. दोघांमधले अंतर वाढल्याने गाडीला कलवणारा जोर वाढतो, त्यामुळे स्प्रिंगच्या वाढीव कडकपणाचा काही लाभ तिथेच संपतो. आधी चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि रबरी बुश, मग मूळ उंची परत आणणारी स्प्रिंग, आणि त्यानंतरही कल खटकत असेल तर अँटी-रोल बार, हा क्रम मला योग्य वाटतो. मागचा बार जाड केल्यास मागच्या चाकांची पकड ओल्या रस्त्यावर लवकर सुटू शकते, म्हणून तो बेताचाच असावा.

निदानासाठी सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. ते मूळ मापापेक्षा कमी असेल, तर सामान्यतः दोष स्प्रिंगचा. शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर तेलाचे ओघळ किंवा टायरच्या कडेला खळग्यांसारखी झीज दिसली, तर दोष बहुधा त्याचा. कोपरा दाबून सोडण्याची चाचणी केवळ पार थकलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर पकडते, अर्धवट थकलेला नाही.

काही वॅगनमध्ये मात्र ही विभागणी लागू पडत नाही. व्होल्वोच्या ७४० आणि ९४० मालिकेतील काही वॅगनमध्ये निव्होमॅट हे स्वतः उंची सावरणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर होते, जे चालत्या गाडीच्या हालचालीतूनच दाब निर्माण करतात आणि वजनाचा काही वाटाही उचलतात. त्यांच्यासोबतची स्प्रिंग त्यामुळे मुद्दाम मऊ ठेवलेली असते. तिथे साधे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले, तर मागची बाजू बसते, आणि मग त्यांच्यासोबत कडक स्प्रिंगही घ्यावीच लागते.