हातभर अंतरावरचा उजेड

खिशात मावणारी टॉर्च घ्यायला गेले की खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा लुमेनचा दिसतो, आणि बहुतेक खरेदी त्या एका आकड्यावरच होते. लुमेन हे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण दृश्य प्रकाशाचे माप आहे. तो प्रकाश नेमका कुठे पडतो, किती पसरतो आणि किती वेळ टिकतो, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. वायरमन, फिटर, मोटार मेकॅनिक, लिफ्टची देखभाल करणारे तंत्रज्ञ, रात्रपाळीच्या परिचारिका या साऱ्यांचे काम नेमके याच गोष्टींवर अवलंबून असते, आणि त्यातले बरेचसे काम डोळ्यांपासून हातभर अंतरावर चाललेले असते.

हातभर अंतरावर किती प्रकाश लागतो, याचा हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर एक लुमेन प्रकाश सारखा पसरला की तेथे एक लक्स उजेड मिळतो. कार्यालयात लिहिण्या-वाचण्यासाठी साधारण ५०० लक्स पुरेसे मानले जातात. समजा, मीटरबॉक्समधला ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल भाग उजळायचा आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस मीटर भरते. म्हणजे त्या जागेवर नीट पसरलेले अवघे ३० लुमेनही ४०० लक्सहून अधिक उजेड देतात. याच जागेवर १००० लुमेन टाकले तर उजेड १४,००० लक्सच्या वर जातो आणि पितळी टर्मिनलवरून, एमसीबीच्या गुळगुळीत प्लास्टिकवरून परत येऊन डोळ्यांत घुसतो. डोळ्याची बाहुली आकसते, आणि नेमकी ज्या कोपऱ्यातली तार शोधायची असते तो कोपरा पूर्वीपेक्षा काळा दिसू लागतो. शिवाय आपल्या डोळ्यांना उजेडातली वाढ सरळ प्रमाणात जाणवत नाही. उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटायला लुमेन चौपटीने किंवा त्याहूनही जास्त वाढवावे लागतात. त्यामुळे ५०० लुमेनच्या जागी १००० लुमेन घेतल्याने पैसे आणि सेल जेवढे खर्च होतात, तेवढा फरक नजरेला पडत नाही.

झोत किती एकवटलेला आहे, हे कँडेला या एककात मोजतात. सारखेच ३०० लुमेन देणाऱ्या दोन टॉर्चपैकी एकीची तीव्रता २,५०० कँडेला आणि दुसरीची १०,००० कँडेला असू शकते; फरक परावर्तकाचा आणि भिंगाचा असतो. खोक्यावर छापलेला ‘पल्ला’ या कँडेलावरूनच काढतात. अमेरिकेत २००९ साली ठरलेल्या आणि आता बहुतेक चांगले उत्पादक पाळत असलेल्या एफएल-१ या मानकानुसार, ज्या अंतरावर उजेड पाव लक्सपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याइतका उतरतो, ते अंतर म्हणजे पल्ला. कँडेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की तो मीटरमध्ये मिळतो. वरच्या दोन टॉर्चचे पल्ले या हिशेबाने १०० आणि २०० मीटर येतात. आता २०० मीटरवाली टॉर्च ४० सेंटिमीटरवरच्या नटबोल्टवर धरून पाहा. झोताच्या मध्यभागी सुमारे ६०,००० लक्स पडतात, म्हणजे भर दुपारच्या उन्हाच्या निम्म्याहून अधिक, आणि त्या ठिपक्याच्या भोवती जवळजवळ अंधार. रात्री शेतात मोटर चालू करायला बांधावरून जाणाऱ्याला लांबवर जाणारा झोत हवा असतो. बॉनेटखाली वाकलेल्या मेकॅनिकला तोच झोत अडचणीचा ठरतो. जवळच्या कामाला खरबरीत परावर्तकाची किंवा कणीदार भिंगाची, मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू विरत जाणारा पसरट उजेड देणारी टॉर्च घ्यावी. पुढचा भाग सरकवून झोत लहानमोठा करणाऱ्या टॉर्च दुकानात आकर्षक दिसतात, परंतु झोत पूर्ण आवळला की एलईडीच्या चौकोनी चिपची प्रतिमाच भिंतीवर उमटते, आणि सरकत्या सांध्यातून पाणी व धूळ आत जायला वाट मिळते.

खरेदी करताना ज्याचा विचार सर्वांत कमी होतो आणि कामाच्या दृष्टीने ज्याला मी सर्वाधिक महत्त्व देतो, तो गुण म्हणजे रंग खरे दाखवण्याची क्षमता. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. पुरेसा प्रखर निळा एलईडी शुजी नाकामुरा यांनी जपानमध्ये १९९३ साली प्रत्यक्षात आणला, आणि या निळ्या एलईडीच्या शोधासाठी त्यांना इसामु आकासाकी व हिरोशी आमानो यांच्यासह २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर दिला की थोडा निळा प्रकाश तसाच बाहेर पडतो, उरलेल्याचे रूपांतर पिवळ्यात होते आणि दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरे वाटतात. या मिश्रणात गडद लाल प्रकाश फारच कमी असतो. परिणामी स्वस्त, निळसर पांढऱ्या टॉर्चखाली लाल, तपकिरी आणि नारिंगी हे रंग एकमेकांत मिसळून जातात.

ही गोष्ट किरकोळ नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीत तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचा रोधक १ किलोओहमचा असतो आणि तपकिरी-काळा-नारिंगी पट्ट्यांचा १० किलोओहमचा. लाल पट्टा नारिंगी वाटला की किंमत थेट दहापट चुकते. आपल्याकडच्या घरांतील वायरिंगमध्ये लाल, पिवळी व निळी फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची तार हा संकेत वर्षानुवर्षे चालत आला आहे, तर उपकरणांच्या केबलमध्ये फेजची तार तपकिरी असते. पंचवीस वर्षे धूळ आणि उष्णता खाल्लेल्या बोर्डात या तारा एकत्र आल्या असतील, तर त्यांचे मळकट रंग ओळखायला लाल प्रकाश पुरेसा असलाच पाहिजे. अर्थात रंग कितीही स्पष्ट दिसला तरी टेस्टरने किंवा मीटरने खात्री केल्याशिवाय तारेला हात लावू नये. गाडीखाली पडलेला थेंब इंजिन ऑइलचा आहे, गिअरच्या लालसर तेलाचा आहे की कूलंटचा, हेही रंगावरूनच ठरते. घशाची लाली, ओठांवरची निळसर झाक किंवा जखमेभोवतालची सूज पाहणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांसाठी तर रंगच निदानाचा आधार असतो.

हा गुण सीआरआय या निर्देशांकाने सांगतात. जुन्या तारेच्या बल्बचा सीआरआय जवळजवळ १०० असतो, बाजारातल्या साध्या एलईडी टॉर्चचा ७० च्या आसपास. कामासाठी ९० किंवा त्याहून अधिक असलेला एलईडी निवडावा. मूळ सीआरआय आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो आणि गडद लाल रंग त्यात धरलेला नसतो. त्याचा आकडा ‘आर-९’ या नावाने वेगळा देतात, आणि जो उत्पादक तो छापतो त्याच्यावर थोडा अधिक विश्वास ठेवायला हरकत नाही. रंग-तापमान, म्हणजे उजेड पिवळसर आहे की निळसर याचे माप, ४००० ते ५००० केल्विनच्या दरम्यान असावे. ६५०० केल्विनचा निळसर उजेड प्रखर भासतो, पण धुळीत आणि धुक्यात डोळ्यांना त्रास देतो. चांगल्या सीआरआयचा एलईडी तेवढ्याच विजेवर काहीसे कमी लुमेन देतो, म्हणून खोक्यावरच्या आकड्यांच्या शर्यतीत तो मागे पडतो. दुकानात पारख करायची असेल तर टॉर्च मंद करून स्वतःच्या तळहातावर धरावी. वाईट एलईडीखाली तळहात राखाडी, निर्जीव दिसतो. चांगल्याखाली त्याची लाली टिकून राहते.

आता वेळेचा प्रश्न. एफएल-१ नुसार टॉर्च ‘किती वेळ चालते’ याचा अर्थ तिचा उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर यायला लागणारा वेळ, असा होतो. त्यामुळे ‘१००० लुमेन, ४ तास’ असे वाचले तरी ते १००० लुमेन दोन-तीन मिनिटांचेच असू शकतात. यामागे बऱ्याचदा उष्णता असते. एवढा उजेड देताना लहान टॉर्चमध्ये सुमारे ६ वॅट उष्णता निर्माण होते असे धरू. साठ ग्रॅम ॲल्युमिनियमचे अंग या उष्णतेने मिनिटाला सहा-सात अंशांनी तापते. विदर्भातल्या मे महिन्यात टॉर्च मुळातच ४० अंशांवर असेल, तर दीड मिनिटात ती ५० अंशांवर जाते आणि हातात धरवत नाही. म्हणून आतले सर्किट उजेड आपोआप उतरवते, आणि ते योग्यच करते.

सेलमधल्या ऊर्जेचा हिशेब केला तर खोटे दावे लगेच उघडे पडतात. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो डबल-ए मापाचा रिचार्जेबल सेल साधारण १.२ व्होल्ट आणि २००० मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे २.४ वॅट-तासांचा असतो. एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागत असल्याने सर्किटला दाब वाढवावा लागतो आणि त्यात काही ऊर्जा जाते. उरलेल्या ऊर्जेतून वॅटमागे १०० लुमेन धरले तर साधारण २०० लुमेन-तास हाती येतात: ५० लुमेन चार तास, किंवा २०० लुमेन एक तास. एवढ्याशा टॉर्चवर १०,००० लुमेन छापलेले असतील तर तिला ७० ते १०० वॅट लागतील, आणि ते देणे डबल-ए सेलच्या आवाक्यातले नाही. तीच गोष्ट १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब अशा १८६५० मापाच्या लिथियम-आयन सेलची. चांगल्या सेलची क्षमता ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. ९९०० लिहिलेला सेल परत ठेवून द्यावा.

सेल कोणता, याचे उत्तर कामावर अवलंबून आहे. रोज चार-पाच तास टॉर्च लागत असेल तर १८६५० सोयीचा पडतो. अधूनमधून वापरणाऱ्याने डबल-ए घ्यावा, कारण तो खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळतो. मात्र अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये घालून महिनोन्‌महिने विसरू नये. संपत आलेल्या सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून त्याचा पांढरा भुरभुरीत थर स्प्रिंगवर बसतो, आणि खाली धातू गंजत जातो. वेळीच लक्षात आले तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावलेल्या बोळ्याने थर विरघळतो. हातमोजे घालून मगच हे करावे. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल असे सहसा गळत नाहीत, आणि त्यांतला कमी स्वविसर्जनाचा प्रकार वर्षभर पडून राहिला तरी बरीचशी ऊर्जा राखून ठेवतो. एक सावधगिरी आवर्जून सांगतो: १४५०० या मापाचा लिथियम-आयन सेल दिसायला हुबेहूब डबल-एसारखा असतो, पण पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. दीड व्होल्टसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये तो घातला तर सर्किट जळू शकते. ज्या टॉर्चमधला सेल काढताच येत नाही, ती मी कामासाठी सुचवणार नाही. काहीशे वेळा चार्ज झाल्यावर सेल अशक्त होतो आणि धडधाकट टॉर्च टाकून द्यावी लागते.

फिरत्या यंत्रांपाशी काम करणाऱ्यांनी टॉर्चचा लुकलुकाट जरूर तपासावा. काही टॉर्च उजेड मंद करण्यासाठी एलईडी सेकंदाला शे-दोनशे वेळा बंद-चालू करतात. मिनिटाला १५०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्या मारणारी चार आऱ्यांची पुली सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या उजेडात पाहिली, तर प्रत्येक उजेडाच्या क्षणी एकेक आरा आधीच्या आऱ्याच्या जागी आलेला असतो आणि पुली स्थिर असल्याचा भास होतो. अशा भासावर विसंबून कोणी हात पुढे केला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. मंद उजेडात मोबाइलच्या कॅमेऱ्यातून झोताकडे पाहावे. काळे पट्टे सरकताना दिसले तर ती टॉर्च कार्यशाळेत नेऊ नये.

स्विचबद्दल थोडेसे. टॉर्च नेहमी सर्वांत मंद पायरीवर सुरू होणारी असावी, किंवा तसे ठरवता यावे. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात आणि प्रखर झोत हा सराव क्षणात मोडतो. रात्री वॉर्डात सलाईनचा थेंब पाहायला एक-दोन लुमेन पुरतात आणि शेजारच्या रुग्णाची झोपही मोडत नाही. खिशात चुकून चालू होऊ नये म्हणून स्विच अडकवून ठेवण्याची सोय हवी, कारण शक्तिशाली टॉर्च कापडाला चिकटून चालू राहिली तर चटका बसू शकतो. पावसाळ्यासाठी आयपी-६७ हा दर्जा पाहावा. त्यात धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टॉर्च तग धरते. आयपीएक्स-४ म्हणजे फक्त उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण.

शेवटची बाब सुरक्षेची आहे. गळणाऱ्या एलपीजीच्या खोलीत, पेट्रोलच्या टाकीपाशी, रंगाच्या गोदामात किंवा गटाराच्या मॅनहोलमध्ये यांतली कोणतीही टॉर्च चालत नाही, ती कितीही पाणबंद असली तरी. स्विचमधली बारीकशी ठिणगी तेथे स्फोटाला पुरेशी ठरते. अशा जागांसाठी ठिणगीतली ऊर्जा मुद्दाम मर्यादित ठेवलेल्या वेगळ्या टॉर्च बनवतात, आणि पेट्रोलियम व स्फोटक वायूंच्या ठिकाणी वापरायच्या विद्युत उपकरणांना नागपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेची मान्यता लागते. तो मान्यता क्रमांक टॉर्चच्या अंगावर कोरलेला आहे की नाही, हे आत उतरण्यापूर्वी पाहायचे असते.