ब्रेव्हहार्ट : पडद्यावरचा वॉलेस आणि शिक्क्यावरचा वॉलेस

‘ब्रेव्हहार्ट’ सुरू होतो पुढे स्कॉटलंडचा राजा झालेल्या रॉबर्ट ब्रूसच्या आवाजात. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या विल्यम वॉलेसची गोष्ट मी सांगतो, इंग्लंडचे इतिहासकार मला खोटारडा म्हणतील, पण इतिहास लिहिणारे हे वीरांना फासावर चढवणाऱ्यांपैकीच असतात, अशा अर्थाचं ते निवेदन आहे. मेल गिब्सननं दिग्दर्शित केलेल्या आणि नायक म्हणूनही पेललेल्या या चित्रपटाला १९९५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट धरून पाच ऑस्कर मिळाली. गोष्ट सांगतो ब्रूस, पण ती आली आहे दुसऱ्याच माणसाकडून. हॅरी नावाच्या एका स्कॉटिश शाहिरानं, ज्याला लोक ‘आंधळा हॅरी’ म्हणूनच ओळखतात, वॉलेसच्या मृत्यूनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी त्याच्यावर प्रदीर्घ काव्य रचलं. पटकथाकार रँडल वॉलेस यांनी आधार घेतला तो या काव्याचा. हे एकदा लक्षात घेतलं की चित्रपटातल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. पण मला जास्त बोलायचं आहे ते चित्रपटानं गाळलेल्या गोष्टींबद्दल. वॉलेसचं खरं मोठेपण त्यांतच आहे, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात एका घोड्यापासून करावी लागते. १८ मार्च १२८६ च्या रात्री स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर वादळी हवेत एडिंबराहून निघाला. किंगहॉर्नला त्याची नवी राणी होती आणि सोबतच्यांनी थांबवूनही तो थांबला नाही. फोर्थची खाडी ओलांडल्यावर अंधारात त्याची आणि सोबत्यांची चुकामूक झाली. सकाळी तो मान मोडून मेलेला सापडला. त्याची मुलं त्याच्या आधीच गेली होती. उरली होती नॉर्वेतली तीन वर्षांची नात, मार्गारेट. तिला राणी म्हणून आणायचं ठरलं, पण १२९० मध्ये स्कॉटलंडला येता येता ऑर्कनी बेटांवर तीही वारली. गादीवर हक्क सांगणारे डझनभराहून अधिक जण उभे राहिले. यादवी टाळण्यासाठी सरदारांनी निवाडा करायला बोलावलं इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डला. तो मोठा कायदेपंडित, पण निवाडा करण्याआधीच त्यानं आपण स्कॉटलंडचे अधिपती असल्याचं सर्वांकडून वदवून घेतलं. १२९२ मध्ये त्यानं जॉन बेलिअलला राजा केलं आणि पुढची चार वर्षं त्याला मांडलिकासारखं वागवलं.

चित्रपट सुरू होतो १२८० मध्ये. राजा मेलेला आणि इंग्रजांचा जुलूम चाललेला. प्रत्यक्षात १२८० मध्ये अलेक्झांडर जिवंत होता आणि दोन्ही देशांत शांतता होती. ही चूक मला फक्त सनावळीची वाटत नाही. स्कॉटलंडवरचं संकट आक्रमणातून आलं नाही. विश्वासानं घरात बोलावलेल्या पंचानंच घराचा ताबा घेतला. ती सल मोठी होती, आणि पडद्यावर ती कुठेच नाही.

फ्रान्सविरुद्धच्या लढाईसाठी एडवर्डनं स्कॉटिश फौज मागितली तेव्हा सरदारांचा संयम सुटला. त्यांनी १२९५ मध्ये फ्रान्सशीच करार केला. पुढच्याच वर्षी एडवर्ड सैन्यासह आला. बर्विक शहरात त्यानं कत्तल केली, डनबारला स्कॉटिश सैन्य उधळलं. बेलिअलला शरण आणून त्याच्या अंगरख्यावरची राजचिन्हं उसवून काढली. तेव्हापासून त्याचं नाव पडलं ‘टूम टॅबार्ड’, म्हणजे रिकामा अंगरखा. ज्या दगडावर बसवून स्कॉटिश राजांचा अभिषेक होत असे, तो दगडही एडवर्डनं उचलून वेस्टमिन्स्टरला नेला.

या पडझडीत १२९७ च्या मे महिन्यात वॉलेस पहिल्यांदा नोंदीत दिसतो. लॅनार्कचा इंग्रज शेरीफ विल्यम हेझलरिग याला त्यानं ठार केलं. त्याआधीचं त्याचं आयुष्य जवळपास कोरं आहे. तो छोट्या जमीनदार घराण्यातला होता. चित्रपटात दिसतो तसा चिखलातल्या झोपडीत वाढलेला शेतकरी नव्हता. नवविवाहित वधूवर पहिल्या रात्री सरदाराचा हक्क, ज्यातून चित्रपटातला सगळा सूड पेटतो, त्याला त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये काडीचाही पुरावा नाही. पत्नीच्या हत्येचा प्रसंग मात्र हॅरीच्या काव्यातून आलेला. तिथे तिचं नाव मॅरियन. चित्रपटात ती मरन झाली आणि कॅथरिन मॅकॉर्मकनं थोडक्याच वेळात ती मनात ठसवली.

त्याच सुमारास उत्तरेत आणखी एक उठाव पेटला होता. त्याचा म्होरक्या होता अँड्र्यू मरे, बड्या सरदाराचा तरुण मुलगा. डनबारला पकडला जाऊन इंग्रजांच्या कैदेतून निसटलेला. उत्तरेतले किल्ले त्यानं एकामागून एक मोकळे केले. वॉलेस आणि मरे यांच्या फौजा एकत्र आल्या म्हणूनच पुढची लढाई शक्य झाली. जवळपास तीन तासांच्या चित्रपटात मरेला एक मिनिटही मिळालेलं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

ती लढाई म्हणजे स्टर्लिंग ब्रिज, ११ सप्टेंबर १२९७. पडद्यावर ती सपाट मैदानात होते. समोरून घोडदळ येतं, आयत्या वेळी लांब टोकदार बल्लम उचलले जातात. दृश्य अंगावर काटा आणणारं आहे, यात शंका नाही. पण लढाईच्या नावातच पूल आहे आणि सगळी गंमत त्या पुलात होती. फोर्थ नदीवर अरुंद लाकडी पूल. एका वेळी जेमतेम दोन घोडेस्वार शेजारी शेजारी जातील एवढा. पलीकडे नदीच्या वळणात अडकलेली दलदलीची जमीन आणि तिच्या मागे अ‍ॅबी क्रेगच्या टेकडीवर दबा धरून बसलेले स्कॉट. इंग्रज बखरकार वॉल्टर ऑफ गिझबरोनं त्या सकाळचं जे वर्णन केलं आहे, ते कुठल्याही पटकथेहून सरस आहे. पहाटे काही तुकड्या पूल ओलांडून गेल्या आणि परत बोलावल्या गेल्या, कारण सेनापती अर्ल ऑफ सरे अजून झोपेतून उठला नव्हता. मग दोन धर्मगुरूंना वाटाघाटीसाठी पाठवलं. आम्ही शांततेसाठी नव्हे, लढायला आलो आहोत, असा वॉलेसचा निरोप आला. नदीच्या वरच्या बाजूला चालत ओलांडण्याजोगा उथळ उतार आहे, तिथून एका वेळी साठ स्वार जातील, असं एका सरदारानं सुचवलं. खजिनदार ह्यू क्रेसिंगहॅम आडवा आला. राजाचा पैसा आधीच फार खर्च झाला आहे, आता उशीर नको, सरळ पुलावरून चला, असं त्याचं म्हणणं.

वॉलेस आणि मरे थांबून राहिले. मला या थांबण्याचं फार कौतुक वाटतं. समोर शत्रू उतरतो आहे, हाताखाली बहुतेक पायदळ, आणि तरी धीर धरायचा. आपल्याला झेपतील इतके इंग्रज अलीकडे आले, तसा हल्ला झाला आणि पुलाचं तोंड दाबून धरलं गेलं. अलीकडच्यांना परत जाता येईना, पलीकडच्यांना येता येईना. क्रेसिंगहॅम तिथेच मेला. त्याच्या कातडीतून वॉलेसनं तलवारीचा पट्टा करवून घेतला, असं इंग्रजी बखरीत लिहिलं आहे.

महिन्याभरानं, ११ ऑक्टोबरला, हॅडिंग्टनहून एक पत्र निघालं. पत्र आहे जर्मनीतल्या ल्यूबेक आणि हॅम्बर्गच्या व्यापाऱ्यांना. आशय साधा : देवाच्या कृपेनं स्कॉटलंड युद्धानं इंग्रजांच्या ताब्यातून सुटलं आहे, आमची बंदरं तुम्हाला मोकळी आहेत, माल घेऊन या. पाठवणारे अँड्र्यू मरे आणि विल्यम वॉलेस. एवढी मोठी लढाई मारून महिना होतो न होतो तोच या माणसांना व्यापार पुन्हा सुरू करायची फिकीर होती. पेटलेल्या मुलखात राज्य चालवायचं तर लोकर विकली गेली पाहिजे, हे त्यांना कळत होतं. चेहऱ्याला निळा रंग फासून आरोळी ठोकणाऱ्या वॉलेसपेक्षा हा मला कितीतरी मोठा वाटतो. तो निळा रंगही हजारएक वर्षं आधीच्या ब्रिटन टोळ्यांचा, आणि अंगावरचं पट्ट्यापट्ट्यांचं वस्त्र निदान तीनशे वर्षं नंतरचं.

या पत्राला वॉलेसचा शिक्का आहे. एका बाजूला स्कॉटलंडचा सिंह, दुसऱ्या बाजूला ताणलेलं धनुष्य. त्यावरून तो मुळात तिरंदाज असावा, असा तर्क काही अभ्यासक करतात. शिक्क्यावर लिहिलं आहे : विल्यम, अ‍ॅलनचा मुलगा. हॅरीच्या काव्यात बापाचं नाव माल्कम आहे, म्हणून चित्रपटातही माल्कम. बापाचं नावसुद्धा काव्यातून उचललं गेलं. खरं नाव त्या मेणाच्या एवढ्याशा तुकड्यावर सातशे वर्षं तसंच राहिलं. २०१२ मध्ये हे पत्र एडिंबराच्या संसदेत प्रदर्शनात मांडलं होतं.

मरे स्टर्लिंगच्या जखमांनी गेला असं मानतात. वॉलेस एकटा उरला. त्याला ‘सर’ किताब मिळाला आणि राज्याचा रक्षक म्हणून नेमणूक झाली. तो सगळा कारभार करायचा कैदेतल्या बेलिअल राजाच्या नावानं. इंग्लंडच्या उत्तर भागात त्यानं छापे घातले, पण चित्रपटात पडतं ते यॉर्क त्यानं कधी घेतलं नाही. पडद्यावरचं यॉर्क म्हणजे आयर्लंडमधला ट्रिमचा किल्ला. मोठ्या लढायांचं चित्रीकरणही आयर्लंडमध्येच झालं आणि दोन्ही बाजूंचे सैनिक झाले ते आयरिश राखीव दलातले जवान.

२२ जुलै १२९८ ला फॉल्कर्कला एडवर्ड स्वतः आला. वॉलेसनं भालाइतांची गोल रिंगणं उभी केली. घोडदळाला ती फुटेनात. मग एडवर्डनं धनुर्धर पुढे आणले. जागच्या जागी उभ्या असलेल्या माणसांवर बाणांचा पाऊस पडला आणि रिंगणं फुटली. स्कॉटिश घोडदळ आधीच निघून गेलं होतं. यातूनच पुढच्या बखरींत सरदारांच्या फितुरीची गोष्ट वाढली. ब्रूस इंग्रजांच्या बाजूनं लढला, हेही अशाच उत्तरकालीन बखरीतून आलेलं.

पराभवानंतर वॉलेसनं पद सोडलं. तो फ्रान्सला गेला. ७ नोव्हेंबर १३०० चं फ्रेंच राजा चौथ्या फिलिपचं पत्र उपलब्ध आहे. पोपच्या दरबारातल्या आपल्या माणसांना तो सांगतो की वॉलेसला त्याच्या कामात मदत करा. ज्याला चित्रपट दऱ्याखोऱ्यांत फिरवतो, तो या वर्षांत देशाची बाजू परक्या दरबारांत मांडत होता.

ऑगस्ट १३०५ मध्ये ग्लासगोजवळ तो पकडला गेला. जॉन मेंटीथ या स्कॉटिश सरदारानं त्याला इंग्रजांच्या हवाली केलं. २३ ऑगस्टला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून त्याला उभं केलं. राजद्रोहाचा आरोप त्यानं नाकारला, कारण तो एडवर्डची प्रजा कधी नव्हताच. त्याच दिवशी स्मिथफील्डला त्याला हाल हाल करून मारलं. शीर लंडन ब्रिजवर लावलं, शरीराचे तुकडे न्यूकॅसल, बर्विक, स्टर्लिंग आणि पर्थला पाठवले.

आता पात्रांबद्दल. सोफी मार्सोनं उभी केलेली फ्रेंच राजकन्या इझाबेला, एडवर्डची सून, वॉलेसच्या प्रेमात पडते, त्याच्यापासून तिला दिवस जातात. प्रत्यक्षात १३०५ मध्ये इझाबेला दहाएक वर्षांची होती आणि फ्रान्समध्ये होती. एडवर्डच्या मुलाशी तिचं लग्न झालं १३०८ मध्ये, मुलगा तिसरा एडवर्ड जन्मला १३१२ मध्ये. पॅट्रिक मॅकगूननं साकारलेला एडवर्ड मात्र माझ्या दृष्टीनं चित्रपटातलं सर्वांत जिवंत पात्र. थंड, हिशेबी, उंचापुरा. ‘लाँगशँक्स’, म्हणजे लांब टांगांचा, हे नाव त्याला शोभतं. १७७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतली त्याची कबर उघडली, तेव्हा देहाची लांबी भरली ६ फूट २ इंच. पण पडद्यावर वॉलेसबरोबरच प्राण सोडणारा हा राजा पुढे दोन वर्षं जगला आणि जुलै १३०७ मध्ये ब्रूसवर चालून जाताना सीमेजवळ मेला. ब्रेंडन ग्लीसनचा हॅमिश पूर्ण काल्पनिक, तरी आडदांड, प्रेमळ मित्र म्हणून लक्षात राहतो.

सर्वांत मोठा अन्याय झाला तो ब्रूसवर. अँगस मॅकफेडन हा ग्लासगोचा नट. त्यानं दोन डगरींवर पाय ठेवलेला, बापाच्या धाकात घुसमटणारा ब्रूस मन लावून केला आहे. खऱ्या ब्रूसनंही बाजू बदलल्या होत्या. पण त्यानंच १३०६ मध्ये मुकुट घेतला आणि १३१४ मध्ये इंग्रजांविरुद्धची बॅनकबर्नची लढाई जिंकली. मॅकफेडननं २०१९ मध्ये पुन्हा ब्रूस साकारला, या वेळी नायक म्हणून. हॅमिशचा बाप झालेला जेम्स कॉस्मो २०१८ च्या ‘आउटलॉ किंग’मध्ये ब्रूसचा बाप झाला.

चित्रपट आला त्या वर्षी स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीचे कार्यकर्ते थिएटरांबाहेर पत्रकं वाटत होते. १९९६ मध्ये अभिषेकाचा दगड सातशे वर्षांनी एडिंबराला परत आला. स्वतःची संसद हवी की नको यावर स्कॉटलंडनं कौल दिला ११ सप्टेंबर १९९७ ला, म्हणजे स्टर्लिंगच्या पुलावरच्या लढाईला बरोबर सातशे वर्षं झाली त्या दिवशी. ७४ टक्क्यांहून अधिक मतं होकाराची पडली.

आणि ‘ब्रेव्हहार्ट’ हे नाव? परंपरेनं ते जोडलं जातं ब्रूसच्या हृदयाशी. मरताना त्याची इच्छा होती की आपलं हृदय धर्मयुद्धात न्यावं. जेम्स डग्लस ते घेऊन निघाला आणि १३३० मध्ये स्पेनमध्ये लढताना पडला. हृदय परत आणून मेलरोझच्या मठात पुरलं. चित्रपटानंतरच्या वर्षी तिथल्या उत्खननात शिशाची छोटी पेटी सापडली. बारीक भोक पाडून आत पाहिलं. आत आणखी एक पेटी होती, आणि सोबत तांब्याच्या पत्र्यावर लिहिलेलं होतं की १९२१ मध्येही ती एकदा वर काढली होती. जून १९९८ मध्ये ती पुन्हा त्याच मठाच्या जमिनीत ठेवली.