आधी कोणाला उचलायचं?

घाटात बस कोसळली आहे, जखमी चाळीसेक आणि रुग्णवाहिका दोन. अशा वेळी पहिल्या आरोग्यसेवकाने एकाच जखमीपाशी अडकायचं नाही. प्रत्येकाला मिनिटभरात पाहून रंगीत चिठ्ठी बांधायची आणि पुढे सरकायचं. लाल म्हणजे आधी उचलायचा, पिवळी म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवी म्हणजे किरकोळ जखमी आणि काळी म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला. जगभर वापरली जाणारी ही ‘स्टार्ट’ पद्धत 1983 साली कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचच्या अग्निशमन दलाने आणि होग रुग्णालयाने बसवली.

सुरुवात ओरडून करायची: “चालता येतंय त्यांनी त्या झाडाखाली या!” येतील ते हिरवे. उरलेल्यांचा आधी श्वास पाहायचा. बंद असेल तर डोकं मागे करून हनुवटी उचलायची; सुरू झाला तर लाल, नाही झाला तर काळी. श्वास मिनिटाला 30 पेक्षा जास्त असेल तरी लालच. मिनिटभर मोजत बसायला वेळ कुठला, म्हणून 15 सेकंदांत आठ भरले की समजायचं. मग मनगटाची नाडी: लागत नसेल तर लाल. पूर्वी नख दाबून रंग दोन सेकंदांत परततो का ते बघत, पण अंधारात आणि थंडीत ते फसतं. शेवटी “माझा हात दाबा” म्हणायचं. न जमलं तर लाल, जमलं तर पिवळी. या फेरीत उपचार दोनच, श्वासमार्ग मोकळा करणं आणि वाहतं रक्त थांबवणं. चिठ्ठी हातापायाला बांधावी. कपडे पुढे कापले जातात.

सगळ्यात जड जाते ती काळी चिठ्ठी. एरवी ज्याची छाती दाबायला घेतली असती, त्याला इथे सोडून जावं लागतं, कारण तेवढ्या वेळात शेजारचा रक्तस्रावाने जातो. लहान मुलांना मात्र सवलत आहे: नाडी लागत असेल तर पाच श्वास देऊन पाहायचे, मगच काळी.

दयेपोटी सरसकट लाल चिठ्ठ्या वाटणं हीही घातक चूक. शस्त्रक्रियागृह भरतं आणि खरा लाल बाहेर राहतो. उलट, प्लीहा (पोटात डावीकडे असलेला अवयव) फाटलेला माणूस सुरुवातीला आरामात चालतो. म्हणून हिरव्यांनाही पुन्हा पुन्हा तपासायचं. रिक्षा-टॅक्सीने आधी पोहोचतात ते बहुधा किरकोळ जखमीच, त्यामुळे रुग्णालयाच्या दारातही वर्गवारी नव्याने करावी लागते.

वीज पडून अनेक जण कोसळले असतील तर मात्र हा क्रम उलटा. श्वास थांबलेल्याकडे आधी धावायचं. हृदय बऱ्याचदा आपोआप सुरू होतं, श्वास मागे राहतो. तोंडाने श्वास देत राहिलं तर तो माणूस वाचू शकतो. जे कण्हताहेत, ते थोडं थांबू शकतात.