फिरकीविरुद्धची फलंदाजी

फिरकीविरुद्धची फलंदाजी : टप्पा पडल्यावर वळणारा, उसळणारा किंवा खाली राहणारा संथ चेंडू खेळण्याचे तंत्र. आंतरराष्ट्रीय संघांचा कस ठरवताना, विशेषतः आशियातील दौऱ्यांत, हे तंत्र निर्णायक ठरते.

फिरकीपटूचा चेंडू साधारणतः ताशी ८० ते ९० किलोमीटर वेगाने येतो. म्हणजे फलंदाजाला वेळ भरपूर मिळतो, पण तो सगळा टप्प्याआधीचा. टप्प्यापासून बॅट दोन मीटरवर असेल, तर ते अंतर कापायला चेंडूला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग लागतो. वळण डोळ्यांनी टिपून हात हलवायला माणसाला त्याच्या दुप्पट वेळ हवा. त्यामुळे असा चेंडू बघून खेळता येत नाही, अंदाजानेच खेळावा लागतो. एकतर पुढे जाऊन चेंडू टप्प्यावरच गाठायचा, नाहीतर मागे यष्टींजवळ जाऊन तो वळून येईपर्यंत थांबायचे. अर्धवट पुढे टाकलेला पाय हेच बहुतेक बळींचे मूळ असते.

क्रीज, म्हणजे फलंदाजाच्या पुढची रेषा, यष्टींपुढे १.२२ मीटरवर असते. तिथून पुढचा पाय पुरता ताणला तरी मीटरभरच जातो. त्यापलीकडचा टप्पा गाठायला क्रीज सोडून सरसावावे लागते. पहिले पाऊल चेंडू हातातून सुटल्यावरच निघाले पाहिजे. आधी हललेला फलंदाज दिसला की गोलंदाज टप्पा आखूड करतो आणि यष्टिरक्षकाचे काम सोपे होते. पुढे येऊनही टप्पा हाती लागला नाही, तर फटक्याचा मोह सोडून बचाव करावा. मागे खेळताना मागचा पाय खोल, यष्टींपासून वीत-दोन वीत अंतरावर, ऑफस्टंपच्या रेषेत हवा. खालचा हात सैल ठेवला तर कड लागलेला चेंडू पायाशीच पडतो. मूठ आवळली की तोच सिली पॉइंट किंवा शॉर्ट लेग या बॅटलगतच्या क्षेत्ररक्षकांच्या हातात जातो.

चेंडू ओळखायचा तो हातातून. लेगस्पिनरच्या पंजाची मागची बाजू सुटताना पुरती फलंदाजाकडे आली, तर बहुधा गुगली, म्हणजे लेगस्पिनसारखा दिसून उलट वळणारा चेंडू. हात वाचता आला नाही तर हवेतली शिवण पाहावी. तेही जमले नाही तर सरळ चेंडूच्या रेषेत खेळावे आणि जास्त वळलेला चेंडू बॅटला चुकवून जाऊ द्यावा. चकणे हा दोष नाही. फिरत्या खेळपट्टीवर वळण धरून खेळलेला आणि न वळलेल्या चेंडूवर बाद झालेला फलंदाज त्याहून कितीतरी अधिक दिसतो.

स्वीप, म्हणजे गुडघा टेकून लेगच्या बाजूला मारलेला फटका, हा तिसरा मार्ग. यात वळण सुरू होण्याआधीच चेंडू आडव्या बॅटने उचलला जातो. १९८७च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात वानखेडेवर ग्रॅहम गूचने भारताच्या डावखुऱ्या फिरकीपटूंना स्वीप मारत ११५ धावा केल्या. २००१मध्ये मॅथ्यू हेडनने भारतात तीन कसोटींत ५४९ धावा काढल्या त्याही मोठ्या प्रमाणात याच फटक्यावर. उसळी सारखी असेल तिथे स्वीप चालतो. चेंडू खाली राहू लागला की पायचीत आणि जास्त उसळला की वरची कड, हे त्याचे दोन धोके. पूर्वी पॅड पुढे करून बॅट मागे लपवणे हा मोठा आसरा होता. चेंडूचा पुढचा मार्ग दाखवणारी पुनरावलोकन पद्धत आल्यापासून तो गेला. आता बॅट पॅडच्या पुढेच हवी.

संघांची तुलना नुसत्या सरासरीवरून करू नये. त्याच सामन्यात, त्याच खेळपट्टीवर प्रतिस्पर्ध्यांनी काय केले ते शेजारी मांडून पाहावे. १९८७मध्ये बंगळूरला पाकिस्तानविरुद्ध चौथ्या डावात सुनील गावसकर यांनी केलेल्या ९६ धावा भारताच्या एकूण २०४पैकी होत्या. सपाट खेळपट्टीवरचे कित्येक द्विशतक त्यापुढे फिके आहे. ब्रायन लाराने २००१–०२मध्ये श्रीलंकेत ऑफस्पिनर मुरलीधरनसमोर तीन कसोटींत ६८८ धावा केल्या आणि वेस्ट इंडीज तिन्ही कसोटी हरले. एका फलंदाजाचे प्रभुत्व म्हणजे संघाचे प्रभुत्व नव्हे.

भारताचा लौकिक दीर्घकाळ सर्वांत वरचा होता. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या १९९८च्या मालिकेपूर्वी सचिन तेंडुलकरने लेगस्टंपबाहेरच्या उकरलेल्या जागी माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनकडून चेंडू टाकून घेतले. चेन्नईत त्याने नाबाद १५५ केल्या आणि ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्नला त्या मालिकेतले १० बळी प्रत्येकी ५४ धावांना पडले. अलीकडे मात्र हा लौकिक घसरला आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये पुण्याजवळ गहुंज्याला ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारत १०५ आणि १०७ धावांत आटोपला. स्टीव्ह ओकीफने ७० धावांत १२ बळी घेतले. त्याच मैदानावर ऑक्टोबर २०२४मध्ये मिचेल सँटनरने १३ बळी घेतले, आणि न्यूझीलंडने ती मालिका ३–० अशी जिंकली. खेळपट्टी जितकी अधिक फिरती करावी, तितके साध्या आणि थोर फिरकीपटूतले अंतर कमी होते. घरच्या फलंदाजाचा सरावाचा फायदाही तिथेच संपतो.

खान्देशातली स्थिती : जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतात, म्हणजे इथल्या होतकरू खेळाडूची वाट पुण्याकडे जाते. तापी-गिरणा पट्ट्याची जमीन कपाशीची काळी माती. ही माती ओलीने फुगते आणि सुकली की भेगाळते. तिची खेळपट्टी संथ असते, चेंडू खाली राहतो आणि भेगेच्या कडेवर पडला तर अचानक वळतो. अशी खेळपट्टी राखायला पाणी, रोलर आणि रोजचा माणूस लागतो. म्हणून बरेच क्रिकेट मुरमावर अंथरलेल्या मॅटवर किंवा सिमेंटवर, तेही टेनिस चेंडूने होते. मॅटवर वळण मिळते, पण उसळी उंच आणि एकसारखी. टेनिस चेंडू कमरेपर्यंत उसळतो. त्यामुळे मुलाला जागेवरून आडवी बॅट फिरवायची सवय लागते आणि मातीच्या खेळपट्टीवर, चामडी चेंडूवर तो पहिल्याच खाली राहिलेल्या चेंडूला पायचीत होतो.

यावर खर्चाचा उपाय लागत नाही. नेटमध्ये यष्टींपासून तीन आणि पाच मीटरवर चुन्याच्या आडव्या रेषा माराव्यात. तीनच्या आतला चेंडू पुढे जाऊन, पाचच्या बाहेरचा मागे जाऊन खेळायचा. मधल्या पट्ट्यात पडलेल्या चेंडूला सरसावायचे की मागे जायचे, हे फलंदाजाने ओरडून सांगायचे. सुरुवातीची दहा मिनिटे बॅट न घेता नुसत्या पायांनी हे करावे. उजव्या हाताच्या फलंदाजासाठी लेगस्टंपबाहेर, डावखुऱ्यासाठी ऑफस्टंपबाहेर वीतभर रुंद पट्टा उकरून त्यावर बारीक खडी टाकली की गोलंदाजांच्या पावलांनी होणारी खडबडीत जागा तयार होते. मॅटवर सराव करायचा असेल तर तिच्या कडा आधी खिळ्यांनी ताणून घ्याव्यात. सैल मॅटवर चेंडू सुरकुतीवर पडून कुठेही जातो, आणि मग नेमका फलंदाजाचा पाय चुकला की मॅट, हेच कळत नाही.