पार्श्वभूमी : भाताचं वय आणि दगड झालेलं शेण

जांबोटी-खानापूरकडे भात भांगलताना पात्यानं हात चिरला नाही असं माणूस सापडायचं नाही. ती धार सिलिकेची, म्हणजे वाळूत असतं त्या द्रव्याची. तुसाच्या राखेनं भांडी लख्ख निघतात तीही तिच्यामुळेच. रोप कुजून जातं, पण पेशींत साठलेले सिलिकेचे सूक्ष्म कण, म्हणजे फायटोलिथ, मागे उरतात आणि त्यांच्या आकारावरून गवताचा गट ओळखता येतो. भातही गवतच. भाताच्या कुळाचं वय ठरवण्याचा वाद याच कणांवर उभा आहे.

वादाची दुसरी बाजू रेण्वीय घड्याळाची, म्हणजे प्रथिनं आणि डीएनएतल्या बदलांवरून काळ मोजण्याच्या पद्धतीची. एमिल झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग यांनी 1962 मध्ये मांडलं की प्रथिनांतले बदल साधारण ठरावीक गतीनं साचतात. दोन जीवांतला फरक मोजला की ते कधी वेगळे झाले ते काढता येईल. 1967 मध्ये विन्सेंट सॅरिक आणि अ‍ॅलन विल्सन यांनी माणूस आणि आफ्रिकी वानर यांची फारकत केवळ 50 लाख वर्षांपूर्वीची ठरवली. शिवालिकच्या टेकड्यांतला रामापिथेकस हा जीवाश्म वानर मात्र त्याहून कितीतरी जुना असूनही माणसाचा पूर्वज मानला जात होता. मग पाकिस्तानात त्याच्या जवळच्या शिवापिथेकसचा चेहरा मिळाला, 1982 मध्ये डेव्हिड पिलबीम यांनी त्याचं वर्णन केलं, आणि तो ओरांगउटानशी जुळला, म्हणजे रामापिथेकस माणसाचा पूर्वज ठरेना. तिथं घड्याळ जिंकलं.

गवताच्या बाबतीत मात्र दगडानं घड्याळाला मागे ढकललं. 2005 मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या जीवाश्म शेणात गवताचे फायटोलिथ दाखवले. हे शेण टायटॅनोसॉर डायनोसॉरांचं मानलं जातं आणि ते साडेसहा कोटी वर्षांहून जुनं आहे. आपल्या बेळगावचा काळा पाषाण ज्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून आला, त्याच काळातलं. त्याआधी गवताचा खात्रीचा जीवाश्म साडेपाच कोटी वर्षांपलीकडे जात नव्हता. 2011 मध्ये याच गटानं त्यातले काही कण भाताच्या कुळाचे असल्याचं मांडलं.

मुळात या घड्याळावर स्वतःचे आकडे नसतात. ते जीवाश्मांनीच लावावे लागतात. जीवाश्मही ‘निदान इतकं जुनं’ एवढंच सांगतो, सुरुवात सांगत नाही. शिवाय सगळ्या वनस्पतींची गती सारखी नसते: लवकर बी धरणाऱ्या रोपांत डीएनएचे बदल झाडांपेक्षा वेगानं साचतात, हे 2008 मध्ये दिसून आलं. त्यामुळे फायटोलिथ धरले तर गवताचं वय वाढतं आणि वगळले तर घटतं. वगळणाऱ्यांचं म्हणणं असं की एवढ्याशा कणावरून नेमकी शाखा ठरवणं धोक्याचं. ही शंका रास्त आहे, पण तेवढ्यावर पिसदुऱ्याचा पुरावा बाजूला ठेवणं मला पटत नाही. 2018 मध्ये चीनमध्ये एका डायनोसॉरच्या दातांवर गवताची साल आणि फायटोलिथ सापडले, तेही सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वीचे.