‘करार मंजूर नाही, म्हणजे कोठडीतला मार चालतो’?

आमच्या पंचवटीतल्या ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरतो: भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करार मंजूर केलेला नाही, म्हणून कोठडीतल्या मारहाणीला सरकार जबाबदार नसतं.

पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणून बाकीचाही पटतो. १९८४च्या त्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, मंजुरी द्यायची मात्र राहिली. पण नागरी आणि राजकीय हक्कांचा करार वेगळा. तो भारताने १९७९ मध्येच स्वीकारला. त्याचं कलम ७ छळाला सरळ मनाई करतं आणि कलम ४ नुसार ही मनाई आणीबाणीतही उठत नाही. गणवेशातल्या माणसाने केलेला छळ सरकारच्याच खात्यावर मांडला जातो, मग वरून आदेश असो वा नसो.

घरचा कायदाही आहेच. कबुलीसाठी मारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली ७ वर्षांपर्यंत कैद, जबर दुखापत असेल तर १०. नाशिकच्या सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक) कोर्टाबाहेर कुठल्याही वकिलाकडे पुस्तक मागून बघा. तिथेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (अटक, तपास कसा करायचा याचा कायदा) कलम ५३ही वाचा: अटकेनंतर डॉक्टरने तपासायचं, जखमा आणि त्या साधारण कधी झाल्या हे लिहायचं. त्या कागदाची प्रत अटक झालेल्याला मिळते. घरच्यांनी आधी तीच मागावी.