चोळमंडल आणि दक्षिणचित्र: एकाच रस्त्यावरची दोन ठिकाणं

बडोद्याच्या मराठी घरांतून चेन्नईकडे जाणारी मंडळी कमी नाहीत. नवजीवन एक्सप्रेसचं तिकीट काढायचं, कांचीपुरम करायचं, महाबलीपुरम करायचं, जमलं तर तंजावर. तंजावरशी आपलं जुनं सोयरं आहेच. 1880 साली तिथल्या लक्ष्मीबाई लग्न होऊन सयाजीरावांच्या घरी आल्या, त्या पहिल्या चिमणाबाई, आणि त्यांच्याबरोबर नर्तकी आणि साथीदारांचा ताफा बडोद्यात आला. त्यामुळे त्या किनाऱ्याबद्दल आपल्याकडे आपुलकी आहे, पण तिथून परतलेल्यांच्या बोलण्यात एक घोटाळा हमखास ऐकू येतो. दांडिया बाजारातल्या एक काकू मला उत्साहाने सांगत होत्या, "अगं, ते चित्रकारांचं गाव पाहिलं आम्ही! काय एकेक वाडे आहेत, सागवानी खांब, मधे चौक, पोरांनी चाकावर मडकीसुद्धा केली." काकूंनी पाहिलं होतं दक्षिणचित्र, म्हणजे दक्षिणेतल्या जुन्या घरांचं संग्रहालय. चित्रकारांचं गाव म्हणजे चोळमंडल, आणि ते त्यांच्या गाडीने वाटेत मागे टाकलं होतं.

चूक होण्यासारखीच आहे. दोन्ही ठिकाणं चेन्नईहून महाबलीपुरमला जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवर, बंगालच्या उपसागराच्या कडेला. चोळमंडल अलीकडे इंजंबाक्कमला, दक्षिणचित्र पुढे मुट्टुकाडूला. दोन्हीकडे झाडी, दोन्हीकडे कलादालन, दोन्हीकडे विकत घेण्यासारख्या वस्तू. त्यात दुसऱ्याच्या नावातच 'चित्र', म्हणजे चित्रकार तिथेच राहत असणार असं कुणालाही वाटेल. टॅक्सीवाल्याला 'आर्ट व्हिलेज' सांगितलं तर तो मनाला येईल तिथे नेतो.

आधी चोळमंडल, कारण वयाने ते मोठं आहे आणि माझा जीवही तिथेच जास्त गुंततो.

मद्रासची कलाशाळा 1850 सालची, देशातल्या सर्वांत जुन्या कलाशाळांपैकी. 1957 पासून के. सी. एस. पणिक्कर तिचे प्रमुख होते. उत्तम विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडत होते आणि बाहेर पडल्यावर त्यांचं काय होतं हे पणिक्कर बघत होते. मद्रासमध्ये तेव्हा आधुनिक चित्रं विकत घेणारं गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतं. मुंबईसारख्या गॅलऱ्या नव्हत्या, दिल्लीसारख्या वकिलाती नव्हत्या. मुलं कुठेतरी नोकरी धरायची, विणकर सेवा केंद्रात नक्षी काढायची, आणि पुष्कळांचा कुंचला हळूहळू सुटायचा. पणिक्करांना हे बघवलं नाही. त्यांचा मार्ग साधा होता: दिवसाचे काही तास हाताने विकाऊ वस्तू करा, त्यावर पोट भरा, उरलेला वेळ चित्राला द्या, म्हणजे चित्र विकलं जावं म्हणून वाकवावं लागणार नाही.

त्या विकाऊ वस्तूंमध्ये सर्वांत चाललं ते बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड. हे काम जवळून बघण्यासारखं आहे. मधमाशीचं मेण आणि पॅराफिन एकत्र वितळवतात. नुसतं मधमाशीचं मेण लवचीक असतं, त्याला तडा जात नाही. पॅराफिन ठिसूळ, चटकन तडकतं. दोहोंचं प्रमाण कसं ठेवायचं यातच अर्धी कला. गरम मेण कुंचल्याने सुती कापडावर घालायचं, ते कापडाच्या पाठीपर्यंत उतरायला हवं, नाहीतर मागून रंग शिरतो. मग कापड थंड रंगात बुडवायचं, कारण रंग गरम असला तर मेणच पाघळेल. फिक्याकडून गडदाकडे असं एकेक पाणी द्यायचं आणि प्रत्येक पाण्याआधी जिथला रंग राखायचा तिथे पुन्हा मेण. शेवटी कापड हलकेच चुरगाळलं की मेणाला बारीक तडे जातात, त्यांतून गडद रंग आत जातो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. मग उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचं. ज्याचा हात रेषेवर बसलेला आहे त्याच्या बाटिकला वेगळंच पाणी असतं, आणि इथे तर सगळे हात कलाशाळेत तयार झालेले. माल चांगला खपला.

त्या कमाईतून कलावंतांनी मिळून समुद्राकाठची रेताड जमीन घेतली आणि 1966 मध्ये चोळमंडल उभं राहिलं. सरकारने दिलेली जागा नव्हे, कुणा धनिकाचा आश्रय नव्हे. ज्यांनी तिथे राहायचं त्यांनीच पैसे घातले आणि कारभारही त्यांनीच बघायचा ठरवला. सुरुवातीला शाकारलेल्या झोपड्याच होत्या. आज ईस्ट कोस्ट रोडवर जमिनीला सोन्याचा भाव आहे, तेव्हा तिथे सुरूची झाडं आणि वाळू यांपलीकडे फारसं काही नव्हतं.

बडोद्याच्या माणसाला ही गोष्ट विशेष भिडायला हवी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे 1950 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्स सुरू झालं. इंदूरहून आलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे, शिल्पकार शंखो चौधरी, पुढे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन अशी माणसं लाभली. 1956 मध्ये इथल्या चित्रकारांचा बडोदा ग्रुप झाला. पण हे सगळं विद्यापीठाच्या छायेत घडलं. शिक्षकाला पगार होता, स्टुडिओ होता, विद्यार्थी होते. 1961 पासून फाइन आर्ट्सची जत्रा भरू लागली, तिथेही नामवंत चित्रकार-शिल्पकार विद्यार्थ्यांबरोबर बसून खेळणी आणि मातीच्या वस्तू करायचे, आणि शहरातली माणसं हौसेने विकत घ्यायची. हाताचं काम आणि चित्र यांत उच्चनीच मानायचं नाही हा विचार दोन्हीकडे होता. फरक एवढा की आपल्याकडे जत्रा संपली की मंडळी वर्गात परत जायची, आणि चोळमंडलात बाटिक विकलं गेलं नाही तर महिन्याचं गणित बिघडायचं.

तिथे जाऊन काय बघायचं? संग्रहालय बघाच. 2009 पासून तिथे समकालीन कलेचं स्वतंत्र केंद्र आहे आणि मद्रासच्या त्या साऱ्या आधुनिक कला-चळवळीतली कामं एका छपराखाली आहेत. पणिक्करांनी 1963 च्या सुमारास सुरू केलेली 'शब्द आणि चिन्हे' ही मालिका माहीत करून घेऊन जा. कॅनव्हासभर अक्षरं, आकडे, पत्रिकेच्या चौकटी असं दाटून मांडलेलं असतं. वाचायला गेलात तर एक ओळ लागत नाही, आणि दोन पावलं मागे सरलात की सगळं मिळून एक जुनं ताडपत्र समोर धरल्यासारखं दिसतं. एस. नंदगोपाल हे पणिक्करांचे चिरंजीव. त्यांनी तांब्यापितळेचे पत्रे जोडून जी शिल्पं केली ती चारी बाजूंनी फिरून बघायची नाहीतच. गाभाऱ्यातल्या मूर्तीसारखी ती समोरूनच बोलतात. आणि के. रामानुजम. शाईच्या बारीक रेषांनी त्याने महाल, राक्षसी प्राणी, उडणारी माणसं यांनी कागद भरून टाकले, एक इंच मोकळा ठेवला नाही, आणि त्या गर्दीत बऱ्याचदा हॅट घातलेला तो स्वतःही असतो. 1973 मध्ये, ऐन तिशीत, तो गेला. त्याचं चित्र समोर आलं तर घाई करू नका.

सगळे काही तिथे टिकले नाहीत. विश्वनाथन आणि अक्कितम नारायणन पॅरिसला गेले, एस. जी. वासुदेव बंगळूरला. ज्यांनी मुक्काम केला त्यांची घरं आजही आहेत, आणि हीच गोष्ट पाहुण्याने लक्षात ठेवायची: चोळमंडलातली बरीचशी दारं ही राहत्या घरांची दारं आहेत. संग्रहालय, दालन, बाहेरची दगडी शिल्पं ही सगळ्यांसाठी. पुढची गल्ली ही कुणाच्या तरी अंगणातून जाते, तिथे विचारून जायचं. काहीच 'चाललेलं' दिसलं नाही म्हणून निराश होऊन परतणारे पुष्कळ आहेत. चित्रकार काम करतो तेव्हा बघण्यासारखं फारसं नसतंच.

आता दक्षिणचित्र. ते चित्रकारांनी वसवलेलं नाही आणि तिथे ते वस्ती करून राहतही नाहीत. मद्रास क्राफ्ट फाउंडेशन नावाची संस्था डेबोरा त्यागराजन यांनी उभी केली आणि 1996 च्या डिसेंबरमध्ये हे संग्रहालय सुरू झालं. मूळ आराखड्यात वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांचा हात आहे. दहा एकरांत दक्षिणेतल्या राज्यांची जुनी घरं आहेत, आणि त्यांतली बरीचशी नक्कल केलेली नाहीत. जी घरं पाडली जाणार होती ती विकत घेऊन, खांब-तुळया-कौलं सुटी करून, गाड्यांवर घालून इथे आणली आणि पारंपरिक सुतार-गवंड्यांकडून पुन्हा उभी करून घेतली.

तमिळनाडूतल्या चेट्टिनाडचं व्यापाऱ्याचं घर सगळ्यांना आवडतं, खांब बघूनच माणूस गप्प होतो. मला विचाराल तर आपल्या लोकांनी इरकलच्या विणकराच्या घरात जास्त थांबावं. आपल्या आज्यांच्या ट्रंकेत जी इरकल घडी घालून ठेवलेली असते ती विणणारा माणूस कसल्या भिंतींच्या आत, किती उजेडात बसत होता, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. केरळच्या सीरियन ख्रिश्चन घरातलं लाकडी धान्याचं कोठार बघा. किनारी आंध्रातलं गोल, गवताने शाकारलेलं घर बघा. वादळी वाऱ्याला कोपराच सापडू नये अशी त्याची घडण आहे. कुंभार चाकावर बसलेला असतो, मुलांना हात लावू देतात, टोपल्या विणणारे असतात, लोककलेचे कार्यक्रम होतात. दाखवणं हेच तिथलं काम, त्यामुळे पाहुण्याला संकोच वाटण्याचं कारण नाही.

घोटाळा वाढवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. दक्षिणचित्रातही एक कलादालन आहे आणि तिथे आजच्या चित्रकारांची प्रदर्शनं लागतात. आणि चोळमंडलात ज्या बाटिक आणि धातुकामावर दिवस निघाले त्याला लोक सरसकट 'हस्तकला' म्हणतात, म्हणजे ते पारंपरिक कारागिरांचं गाव असणार असा समज होतो. दक्षिणचित्रातला कुंभार पिढीजात कुंभार असू शकतो. चोळमंडलातला बाटिक करणारा हा कलाशाळेतून आलेला चित्रकार होता आणि त्याच हाताने संध्याकाळी तो कॅनव्हास रंगवत होता.

विकत घेतानाही हे ध्यानात ठेवावं. दक्षिणचित्राच्या दुकानात पिशव्या, मातीकाम, विणकाम असं घरी न्यायला, भेट द्यायला भरपूर आहे. चोळमंडलात चित्र घ्यायचं तर त्या चित्रकाराचं नाव, साल, माध्यम विचारून घ्या, लिहून घ्या. तिथे घासाघीस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लहान मुलं आणि सत्तरीचे आजी-आजोबा बरोबर असतील आणि अर्धाच दिवस असेल तर दक्षिणचित्रच करा, फक्त मंगळवारी जाऊ नका, बंद असतं. सकाळी लवकर पोचा, दुपारी तिथली वाळू तापते. येताना चोळमंडलला तासभर थांबता येतं. आणि घरात फाइन आर्ट्सला असलेला कुणी असेल तर त्याला उलट सांगा: चोळमंडलात उतर, बाकीचे पुढे जाऊ देत. संग्रहालयात कुणी जुना चित्रकार भेटला तर त्याला कॅनव्हासबद्दल नंतर विचार, आधी पहिल्या वर्षी भाडं, किराणा आणि रंग यांचा मेळ कसा घातला ते विचार.